घरपट्टीचे बिल बाजूला ठेवा, नमुना आठ मागा

घरपट्टीबद्दलची तक्रार बहुधा मार्चअखेरीस, वसुलीच्या टेबलापाशी होते. हातात मागणीचे बिल असते, आकडा मागच्यापेक्षा मोठा असतो, आणि समोर पावती फाडणाऱ्या कर्मचाऱ्याला तो आकडा एका रुपयाने कमी करण्याचाही अधिकार नसतो. बोलाचाली होते, चार लोक दुजोरा देतात, शेवटी पैसे भरले जातात किंवा थकबाकी पुढच्या वर्षावर जाते. या सगळ्यात ज्या कागदावर तो आकडा ठरला तो कोणी उघडूनही पाहत नाही. नारायणगाव, वारूळवाडी आणि मीना नदीकाठच्या वाड्यावस्त्यांवरच्या घरमालकांना सांगायचे ते एवढेच की घरपट्टी हा पाच गोष्टींचा हिशेब आहे. त्यांतल्या दोन गोष्टी सरकार आणि ग्रामपंचायत ठरवते. उरलेल्या तीन तुमच्या घराबद्दलच्या साध्या वस्तुस्थिती आहेत, चुका बहुतेक त्या तिन्हींतच शिरतात आणि त्या दुरुस्त करून घेण्याचा हक्कही तुम्हाला तिथेच आहे. रकमेवर भांडणाऱ्याच्या हाती सहसा काही लागत नाही. नोंदीवर बोट ठेवणाऱ्याचे म्हणणे मात्र लेखी उत्तर दिल्याशिवाय टाळता येत नाही.

आधी कायदा कोणता ते पाहू, कारण इथेच अनेकांची गफलत होते. पुणे–नाशिक रस्त्यावरची बाजारपेठ, टोमॅटोचा उपबाजार, बँका, दवाखाने, बहुमजली इमारती असे सगळे असूनही नारायणगाव कायद्याच्या दृष्टीने ग्रामपंचायतच आहे. त्यामुळे पुणे महापालिकेतली ४० टक्के सवलत किंवा मुंबईत २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मिळालेली माफी इथे मागून उपयोग नाही. ते निर्णय त्या त्या महापालिकांपुरते आहेत. इथे लागू होतो तो १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम, त्यातले कलम १२४ आणि त्याखालचे १९६० चे कर व फी नियम. कलम १२४ इमारतींवर कर बसवू देते, मग ती इमारत शेतसारा भरणाऱ्या जमिनीवर का असेना. जमिनीवरचा कर मात्र शेतसारा नसलेल्या जमिनीवरच बसतो. ‘माझे घर शेतात आहे, मी सारा भरतो, मग घरपट्टी कसली?’ या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. मळ्यातल्या द्राक्षबागेवर ग्रामपंचायतीचा कर नाही, पण बागेच्या कडेला बांधलेला बंगला करपात्र आहे.

आता हिशेब. बरीच वर्षे ग्रामपंचायती चौरस फुटामागे ठरावीक दराने कर लावत. गावठाणातले पडके घर आणि हमरस्त्यावरची नवी इमारत यांचे क्षेत्रफळ सारखे असले, तर दोघांचा बोजा जवळजवळ सारखाच पडे. या पद्धतीला उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आणि अखेर ३१ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने शासनाने नियम बदलून भांडवली मूल्यावर कर आणला. तत्त्व म्हणून हा बदल न्याय्य होता असे माझे मत आहे. ज्याच्या मालमत्तेची किंमत जास्त त्याने जास्त द्यावे, यात वावगे काही नाही. अडचण अशी झाली की जुना हिशेब कोणालाही तोंडी करता येत होता आणि नवा करायला कागद-पेन्सिल लागते. इमारतीचे क्षेत्रफळ गुणिले जमिनीचा वार्षिक मूल्यदर, अधिक तेच क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर गुणिले घसारा. या बेरजेला वापराच्या भारांकाने गुणायचे म्हणजे भांडवली मूल्य निघते. राहत्या घराचा भारांक १, औद्योगिक वापराचा १.२० आणि व्यापारी वापराचा १.२५. निघालेल्या मूल्यावर दर हजार रुपयांमागे अमुक इतके पैसे, असा कराचा दर लागतो. जमिनीचे आणि बांधकामाचे दर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातून येतात. खरेदीखताच्या वेळी ज्याला आपण रेडी रेकनर म्हणतो तोच हा तक्ता. हजारी दराची किमान आणि कमाल मर्यादा शासनाने इमारतीच्या प्रकाराप्रमाणे आखून दिली आहे. त्या मर्यादेत कोणता दर घ्यायचा ते ग्रामपंचायत ठरावाने ठरवते.

एक उदाहरण घेऊ. आकडे सोयीसाठी कल्पिलेले आहेत, तुमच्या भागाचे दर तक्त्यात पाहून घालायचे. समजा १०० चौरस मीटरचे, बारा वर्षे जुने, एकमजली आरसीसी घर आहे. जमिनीचा दर चौरस मीटरला २,००० रुपये, बांधकामाचा २०,००० रुपये, आणि वयामुळे बांधकामाचे मूल्य ८० टक्के धरायचे. जमिनीचे झाले २ लाख, बांधकामाचे १६ लाख, मिळून १८ लाख. हजारी दीड रुपया दर असेल तर घरपट्टी २,७०० रुपये. आता नोंदीत एक-एक चूक घालून पाहा. क्षेत्रफळ १०० ऐवजी १२० लिहिले गेले, तर कर ३,२४० होतो. घर नवे आहे असे समजून घसारा दिलाच नाही, तर ३,३०० होतो. पुढच्या खोलीत छोटेसे दुकान आहे म्हणून सगळे घरच व्यापारी धरले, तर ३,३७५ होतो. क्षेत्रफळ आणि वापर या दोन चुका एकत्र आल्या तर ४,०५०, आणि तिन्ही आल्या तर ४,९५० रुपये. यात रेडी रेकनर बदललेला नाही, ग्रामपंचायतीने दर वाढवलेला नाही, तरीही कर दुपटीच्या जवळ गेला. बिलावर फक्त शेवटचा आकडा छापलेला असतो, म्हणून ‘सरकारने घरपट्टी वाढवली’ असे म्हणत माणूस घरी जातो.

म्हणून पहिले काम नमुना आठचा उतारा काढण्याचे. नमुना आठ ही कर आकारणीची नोंदवही, नमुना नऊ ही मागणीची, आणि पैसे भरल्यावर मिळते ती नमुना दहाची पावती. बहुतेक घरांत नमुना दहाच्या पावत्यांची चळत जपून ठेवलेली असते आणि नमुना आठ मात्र कर्जाच्या वेळी बँकेने मागितला तेव्हाच पाहिलेला असतो. हा उतारा मिळणे ही महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवा आहे. ठरलेले शुल्क भरून ठरलेल्या मुदतीत तो मिळायला हवा, त्यासाठी कोणाची ओळख काढावी लागत नाही. उताऱ्यावर मालकाचे नाव, भोगवटादाराचे नाव, मिळकत क्रमांक, बांधकामाचा प्रकार, क्षेत्रफळ, बांधकामाचे वर्ष किंवा वय, वापर, मूल्य आणि कर अशा नोंदी दिसतील. त्यातली प्रत्येक नोंद आपल्या घराशी ताडून पाहायची.

क्षेत्रफळ टेप घेऊन स्वतः मोजा. गावाकडची घरे एका नकाशात बांधून होत नाहीत. आधी दोन खोल्या, मग पुढे पडवी, मुलाच्या लग्नाच्या वेळी वरचा मजला, मागे न्हाणीघर, अशी ती वाढत जातात. नोंदवहीत मात्र कधी पहिल्या दोनच खोल्या असतात, तर कधी कधीच पाडलेला गोठाही चालू असतो. भिंतींची जाडी धरून बाहेरून मोजले की आतून, याने क्षेत्रफळात चांगलाच फरक पडतो, तेव्हा आकारणीत कोणते मोजमाप धरले हे विचारा. फूट आणि मीटर यांचा घोळही तपासा. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट. घाईत दहाने भागले तर १,०७६ चौरस फुटांच्या घराचे १०० ऐवजी १०७.६ चौरस मीटर होतात आणि साडेसात टक्के जादा कर वर्षानुवर्षे भरला जातो. उघडे अंगण, शेडनेट किंवा तात्पुरता मांडव इमारतीच्या क्षेत्रफळात घातला गेला असेल, तर तेही लेखी विचारण्यासारखे आहे.

बांधकामाचा प्रकार आणि वय यांवर मला थोडे जास्त थांबायचे आहे, कारण पेठेतल्या जुन्या घरांना याचा सर्वांत मोठा फटका बसू शकतो. मातीचे घर, दगड-विटांचे मातीत बांधलेले घर, चुना-सिमेंटचे पक्के घर आणि आरसीसी इमारत यांचे बांधकामदर वेगळे, हजारी दर वेगळे आणि घसाऱ्याचे कोष्टकही वेगळे. साध्या बांधकामाचे मूल्य वयाबरोबर आरसीसीपेक्षा वेगाने उतरते. जुन्या वाड्याची पुढची बाजू पाडून तिथे आरसीसीचे दोन मजले चढवले आणि मागची निम्मी बाजू माळवदाचीच राहिली, तर त्या दोन भागांची नोंद वेगवेगळी व्हायला हवी. रस्त्यावरून पाहणाऱ्याला पुढची काँक्रीटची दर्शनी बाजू तेवढी दिसते आणि सगळे घर आरसीसी म्हणून चढते. बांधकामाचे वर्ष सिद्ध करायला बांधकाम परवानगी, विजेच्या जोडणीची पहिली नोंद, जुने घरपट्टीचे उतारे, घरकर्जाचे कागद यांतले जे असेल ते जोडा. काहीच नसेल तर वीस वर्षांपूर्वीची एक घरपट्टी पावतीसुद्धा तेव्हा घर उभे होते एवढे दाखवते. आणि इमारत दरवर्षी जुनी होत असली, तरी नोंदवहीतले वय आपोआप पुढे सरकत नाही. फेरआकारणीच्या वेळी ते कोणीतरी बदलावे लागते.

वापराच्या रकान्यात नारायणगावची खरी गुंतागुंत आहे. बाजारपेठेतल्या कितीतरी घरांत खाली गाळा आणि वर कुटुंब अशी रचना आहे. हंगामात टोमॅटोच्या क्रेटसाठी पुढची शेड भाड्याने जाते, मागच्या खोल्या मजुरांना किंवा विद्यार्थ्यांना दिल्या जातात. इथे नियम समजून घ्यायचा तो असा की व्यापारी भारांक व्यापारी भागाला लागावा. वरच्या उदाहरणात १०० पैकी २० चौरस मीटर दुकान असेल, तर कर २,८३५ रुपये येतो, सगळे व्यापारी धरल्यावर येणारे ३,३७५ नव्हेत. राहण्यासाठी भाड्याने दिलेली खोली केवळ भाडे येते म्हणून दुकान ठरत नाही. उलट, गाळा वीस वर्षे चालू आहे आणि नोंद अजून निवासी आहे, हेही सर्रास आढळते. अशा मालकाने आपली नोंद चुकीची आहे हे मनाशी मान्य करूनच शेजाऱ्याच्या नोंदीवर बोलावे.

दुरुस्ती कधी मागायची हा यापुढचा प्रश्न. फेरआकारणी साधारण दर चार वर्षांनी होते. त्या वेळी पाहणी होऊन आकारणीची यादी तयार होते, ती प्रसिद्ध केली जाते आणि हरकतींसाठी मुदत दिली जाते. कर ठरतो तो या काळात. नोटीस फलकावर लागली आणि कोणी वाचली नाही, तर यादी जशीच्या तशी कायम होते आणि पुढची चार वर्षे तीच गुणली जाते. हरकत लेखीच द्या, दोन प्रती करा, एका प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. अर्जात ‘कर फार आहे, कमी करावा’ असे एकच वाक्य असेल तर त्यावर निर्णय देण्यासारखे काही नसते. ‘मिळकत क्रमांक अमुक, नोंदीत क्षेत्रफळ १२०, प्रत्यक्ष १००, मोजमापाचा कच्चा नकाशा जोडला आहे, समक्ष मोजणी करावी’ असे लिहिले की ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वी ज्यांना ग्रामसेवक किंवा ग्रामविकास अधिकारी म्हणत) मोजायला यावे लागते किंवा का येत नाही ते लिहावे लागते. ग्रामपंचायतीचा निर्णय पटला नाही तर कलम १२४ खाली पंचायत समितीकडे अपील आहे, म्हणजे आपल्यासाठी जुन्नरला, आणि त्यानंतर जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे. अपिलाची मुदत निर्णयाचा कागद हाती पडल्यापासून धावू लागते, तेव्हा तो कागद कोणत्या तारखेला मिळाला ते त्याच्यावरच लिहून ठेवा.

हरकत चालू असताना कर भरू नये, असा सल्ला गावात हमखास मिळतो. तो ऐकू नका. वर्षाचा कर ३० सप्टेंबरच्या आत भरला तर पाच टक्के सूट आहे आणि ३१ मार्चनंतर राहिला तर पाच टक्के दंड आहे. थकबाकीवर मागणीचा हुकूम, मग जप्ती, अशी वसुलीची वाट कलम १२९ ने दिलेली आहे. शिवाय बिल रीतसर बजावल्यावर तीन महिन्यांत कर न भरणारा ग्रामपंचायत सदस्य अपात्र ठरू शकतो. निवडणुकीच्या हंगामात घरपट्टीच्या पावत्यांना अचानक मान येतो तो त्यामुळेच. रक्कम भरा, ‘आकारणीवरील हरकतीच्या अधीन राहून भरणा’ असे पत्र सोबत द्या, आणि हरकत चालू ठेवा. माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नींसाठी २०२० पासून राज्याची करमाफीची योजना आहे, पण ती अर्ज केल्याशिवाय नोंदीत उमटत नाही.

यावर काही आक्षेप येतात आणि ते पोकळ नाहीत. पहिला असा की दीड-दोन हजारांच्या करासाठी एवढा खटाटोप कोण करणार? एका वर्षापुरते पाहिले तर आक्षेप बरोबर आहे. पण चूक चार वर्षे चालते, पुढच्या फेरआकारणीत जुन्या नोंदीवरूनच नवी उतरवली गेली तर आणखी पुढे जाते, आणि भविष्यात मूल्यदर वाढला तर चुकीच्या क्षेत्रफळावरच वाढतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा उतारा फक्त कराच्या कामाचा राहत नाही. बँक, विमा कंपनी, खरेदीदाराचा वकील, वाटणीचा दावा, रस्त्यासाठी संपादन झाले तर बांधकामाचा पंचनामा, या सगळ्या ठिकाणी तोच पुढे येतो.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. हरकत घेतली, मोजायला माणूस आला आणि त्याने वरचा नोंद नसलेला मजलाही पकडला तर? तर कर वाढेल. हे लपवण्यात अर्थ नाही. म्हणूनच अर्ज देण्याआधी स्वतः पूर्ण हिशेब करा, फायद्याच्या आणि तोट्याच्या दोन्ही चुका धरून. तरीही माझे मत असे की कमी नोंदलेले घर हा फायदा नाही. विकताना खरेदीदार नोंदीतले क्षेत्र धरतो, कर्ज देणारा तेच धरतो. चार-पाचशे रुपये वाचवून लाखो रुपयांच्या बांधकामाला कागदावर अस्तित्वच न देणे, हा व्यवहार मला कळत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना: रस्त्यावर दिवा नाही, गटार तुंबलेले, मग कर कशाचा? बिलात घरपट्टीबरोबर दिवाबत्ती कर, आरोग्य किंवा स्वच्छता कर आणि पाणीपट्टी वेगळ्या ओळींत असतात आणि भांडवली मूल्याचा हिशेब फक्त घरपट्टीच्या ओळीला लागतो. कर आणि सेवेचे शुल्क यांत कायदा फरक करतो. सेवा कमी मिळाली म्हणून कर देणे थांबवता येत नाही. पण ज्या वस्तीवर दिव्याचा खांबच नाही तिला दिवाबत्ती कर कसा, हा प्रश्न ग्रामसभेत विचारण्याजोगा आहे आणि हजारी दर किमान-कमाल मर्यादेत कुठे ठेवायचा हाही. दराबद्दल एकट्याच्या अर्जाने काही होत नाही, तिथे ठरावच लागतो. ज्या सभेत तो ठराव येतो त्या सभेला माणसे कमी असतात, हे सांगायला कोणत्याही पाहणीची गरज नाही.

एक गैरसमज मात्र महागात पडतो. नमुना आठवर नाव लागले म्हणजे घर आपले झाले, असे मानून अनेक व्यवहार होतात. ही नोंदवही कर कोणाकडून वसूल करायचा यासाठी आहे, ती मालकी देत नाही. विनापरवाना बांधकामावर घरपट्टी भरली म्हणून ते नियमितही होत नाही. मालकीसाठी पाहिले जातात ते खरेदीखत, वारसनोंद, सातबारा आणि गावठाणात मिळकत पत्रिका. गावठाणांची ड्रोनने मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याच्या कामाची सुरुवात आपल्याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाली आणि एप्रिल २०२० पासून ते स्वामित्व योजनेच्या नावाने चालले आहे. तुमच्या घराची मिळकत पत्रिका झाली असेल तर तिच्यावरचे क्षेत्र आणि नमुना आठवरचे क्षेत्र शेजारी ठेवून पाहा. पत्रिका जागेचे क्षेत्र सांगते आणि नमुना आठ बांधकामाचे, तेव्हा दोन्ही आकडे एकच यावेत अशी अपेक्षा नको. पण तळमजल्याचे बांधकाम जागेपेक्षा मोठे दिसत असेल, तर कुठेतरी चूक नक्की आहे.

शेवटी थोडे पुढचे. शेजारच्या आंबेगाव तालुक्यात मंचरची ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. जुन्नरला तर नगरपरिषद जुनीच आहे. वाढत्या बाजारगावांचा ओघ त्या दिशेने आहे. असे झाले की कायदा बदलतो, १९६५ चा नगरपरिषद व नगरपंचायत अधिनियम लागू होतो, सगळ्या मालमत्तांची नव्याने मोजणी होते आणि यादी, नोटीस, हरकत, सुनावणी हे चक्र पुन्हा पहिल्यापासून फिरते. पुण्याच्या हद्दीत २०१७ आणि २०२१ मध्ये आलेल्या गावांत कराच्या बोजावरून जो असंतोष उठला, त्याची झळ शेवटी फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे महापालिकेतून वगळण्यापर्यंत गेली. अशा संक्रमणात नव्या मोजणीदाराला जुने घर किती जुने, दुकान कोणत्या भागात, कोणता मजला कधी चढला हे सांगणारा कागद ग्रामपंचायतीचाच असतो. तेव्हा आजचा नमुना आठ दुरुस्त करून त्याची सही-शिक्क्याची प्रत खरेदीखताच्या फाइलमध्ये ठेवा, आणि तिच्यामागे दर फेरआकारणीची नवी प्रत लावत जा.